गाडीतला साक्षीदार

आमचे एक स्नेही जिल्ह्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. गेल्या दिवाळीत त्यांनी गाडी घेतली आणि महिन्याभरातच एका चौकात तिला मोटारसायकल धडकली. सिग्नल कुणी मोडला, यावर जमलेल्या दहा माणसांनी दहा गोष्टी सांगितल्या. गंमत अशी, की त्यांतले निम्मेअधिक लोक धडकेचा आवाज ऐकून वळले होते. धडकेपूर्वीचे त्यांनी काहीच पाहिले नव्हते, आणि तरी कुणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते. प्रकरण शेवटी आमच्या स्नेह्यांच्या खिशातून मिटले. नंतर त्यांनी आम्हाला विचारले, की पुढच्या काचेमागे लावायचा कॅमेरा, म्हणजे डॅशकॅम, घ्यायचा तर कोणता घ्यावा? दुकानदार म्हणतो, कोन जितका रुंद तितका कॅमेरा चांगला. ते खरे का?

उत्तरादाखल आम्ही त्यांना आधी रशियातल्या एका सकाळची हकीकत सांगितली. तीच इथे देत आहोत.

दोन मिनिटे

१५ फेब्रुवारी २०१३. उरल पर्वताच्या पूर्वेला असलेल्या चेल्याबिन्स्क शहरात सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. आकाशातून एक गोळा तिरपा धावत आला आणि काही क्षण सूर्याहूनही प्रखर तळपला. लोक अर्थातच खिडक्यांशी धावले. एका शाळेत चौथीच्या वर्गावर असलेल्या शिक्षिकेने मात्र आपल्या ४४ मुलांना बाकांखाली बसायला सांगितले. तो प्रकाश कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते, पण एवढ्या मोठ्या झगमगाटामागून काहीतरी येईल असे त्यांना वाटले. दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळाने आघात तरंग येऊन पोचला आणि खिडक्या फुटल्या. काचांनी शिक्षिकेचा हात कापला, मुले मात्र सुखरूप राहिली. त्या दिवशी सुमारे दीड हजार लोकांना दुखापती झाल्या, त्यांतल्या बहुतेक फुटलेल्या काचांनी.

हा अशनी येणार हे कोणत्याही वेधशाळेला आधी कळले नव्हते, कारण तो सूर्याच्या दिशेने आला. पण शहरातल्या आणि आसपासच्या रस्त्यांवर चालत्या मोटारींच्या काचांमागे असंख्य छोटे कॅमेरे सुरू होते. त्यांनी तो टिपला. हे कॅमेरे आकाश पाहण्यासाठी कुणीच लावले नव्हते. अपघातांनंतरची भांडणे, विम्याच्या पैशांसाठी मुद्दाम घडवून आणलेल्या धडका, पोलीस आणि न्यायालये यांच्यापुढे आपली बाजू मांडताना येणाऱ्या अडचणी, यांमुळे रशियन वाहनचालकांनी ते विकत घेतले होते. म्हणजे आमच्या स्नेह्यांची अडचण तीच त्यांची अडचण!

रशियातच १९०८ सालच्या ३० जूनला तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर असाच, पण याहून फार मोठा स्फोट झाला होता. दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशातले जंगल आडवे झाले. लिओनिद कुलिक यांची शोधमोहीम त्या जागी पोचली ती १९२७ साली. हाताशी होती ती पडलेली झाडे आणि एकोणीस वर्षांपूर्वीच्या आठवणी. गोळा नेमका कोणत्या दिशेने आला, यावर पुढे अनेक दशके वाद चालला. या दोन घटनांच्या मधल्या शतकात असे काय घडले, की साधी मोटारगाडीसुद्धा साक्षीदार बनली?

नोंद ठेवणारी यंत्रे

सुरुवात रेल्वेपासून झाली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले रेल्वे अभियंते माक्स मारिया फोन वेबर (प्रसिद्ध संगीतकार कार्ल मारिया फोन वेबर यांचे चिरंजीव) यांनी गाडीच्या वेगाची आपोआप नोंद ठेवणारे यंत्र तयार केले. पुढे ही कल्पना मालमोटारींमध्ये आली. घड्याळाबरोबर फिरणारी कागदी तबकडी आणि तिच्यावर वेगाची रेघ ओढणारी सुई, असे तिचे रूप होते. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० च्या नियमाने अवजड वाहनांसाठी हे यंत्र आवश्यक ठरवले. चालकाने किती तास गाडी हाकली आणि विश्रांती घेतली की नाही, हे तबकडीवरून कळे. रस्त्यावर काय घडले हे मात्र तिला सांगता येत नसे.

दुसरा धागा विमानांचा. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून निघालेले कॉमेट जातीचे जेट विमान थोड्याच वेळात कोसळले. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट विमाने इटलीजवळच्या समुद्रात पडली. सांगायला कुणी उरले नव्हते. या अपघातांच्या चर्चेत मेलबर्नच्या प्रयोगशाळेतले डेव्हिड वॉरन नावाचे रसायनशास्त्रज्ञ सामील होते. त्यांचे वडील १९३४ साली, वॉरन नऊ वर्षांचे असताना, विमान अपघातातच गेले होते आणि ते विमान कधीच सापडले नाही. खिशात मावणारा ध्वनिमुद्रक वॉरननी एका प्रदर्शनात पाहिला होता. असे यंत्र विमानात असते तर, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी बनवलेले यंत्र पोलादी तारेवर वैमानिकांचे बोलणे आणि उपकरणांची मापे नोंदवी. तार पुरेशी लांब नव्हती म्हणून एक युक्ती केली होती: यंत्र शेवटचे चार तास तेवढे ठेवी, त्याआधीचे आपोआप पुसून टाकी.

आपल्या बोलण्यावर पाळत ठेवली जाईल म्हणून ऑस्ट्रेलियातल्या वैमानिकांच्या संघटनेने या यंत्राला विरोध केला. पुढे १९६० साली क्वीन्सलँडमध्ये मॅके येथे मोठा अपघात झाला, तेव्हा त्याच देशाने असे यंत्र सक्तीचे करण्यात पुढाकार घेतला.

तिसरा धागा कॅमेऱ्याचा. १९८० च्या दशकात अमेरिकी पोलिसांनी, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध पुरावा म्हणून, गस्तीच्या मोटारींत व्हिडिओ कॅमेरे बसवायला सुरुवात केली. ती बोजड यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. मग तीन गोष्टी एकत्र आल्या. वीज गेली तरी नोंद टिकवणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. कॅमेऱ्याची चिप लहान, स्वस्त आणि थोड्या विजेवर चालणारी करण्याचे काम १९९० च्या दशकात एरिक फॉसम यांनी अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत केले. आणि तिसरी गोष्ट म्हणजे चिपवरच कोरलेला त्वरणमापक. धक्का बसताच तो त्या क्षणाची फाइल पुसू न देण्याचा आदेश देतो. जुने पुसत नवे लिहिण्याची वॉरन यांची युक्ती आणि हे तीन भाग मिळून आजचा डॅशकॅम झाला.

चित्रापासून मापापर्यंत

आता पुन्हा चेल्याबिन्स्ककडे. शेकडो चित्रफिती मिळाल्या, पण त्यांतून अशनीचा मार्ग कसा काढायचा? नुसत्या चित्रात 'वर उजवीकडे' एवढेच कळते. ते ईशान्येला २० अंश उंचीवर, की उत्तरेला ३० अंशांवर?

कोलंबियातल्या आन्तिओकिया विद्यापीठातले होर्हे सुलुआगा आणि इग्नासिओ फेरिन यांनी शहराच्या क्रांती चौकातल्या एका स्थिर कॅमेऱ्याची चित्रफीत घेतली. गोळा सरकत होता तशा दिव्याच्या खांबांच्या सावल्या जमिनीवर फिरत होत्या. खांबाची उंची भागिले सावलीची लांबी म्हणजे गोळ्याच्या उन्नतांशाचा टॅन्जंट, हे दहावीच्या त्रिकोणमितीचे गणित! दुसऱ्या गावातल्या चित्रफितीशी हे जुळवून त्यांनी मार्गाचा अंदाज बांधला.

अधिक काटेकोर काम चेक खगोलशास्त्रज्ञ यिर्झी बोरोविच्का यांच्या पथकाने आणि रशियाच्या ओल्गा पोपोव्हा व अमेरिकेतले पीटर जेनिस्केन्स यांच्या पथकाने केले. ज्या जागेवरून चित्रण झाले होते, नेमक्या त्याच जागी रात्री जाऊन छायाचित्रे घेण्यात आली. चित्रफितीतला खांब किंवा छपराचा कोपरा आता ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिसे. ताऱ्यांची स्थाने ठाऊक असल्याने त्या कोपऱ्याची दिशा ठरे आणि त्यावरून गोळ्याची. अशनी सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर वेगाने, जमिनीशी केवळ १८ अंशांचा कोन करून आला आणि सुमारे ३० किलोमीटर उंचीवर सर्वांत तेजस्वी झाला, असे ठरले. त्याचा व्यास सुमारे २० मीटर असावा. त्याची कक्षा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती. त्याच दिवशी पृथ्वीजवळून जाणाऱ्या २०१२ डीए१४ या लघुग्रहाशी त्याचा संबंध नाही, हेही कक्षेवरूनच पक्के झाले.

ज्या चित्रफितींची जागा आणि वेळ नेमकी ठरवता आली, त्याच मोजमापाच्या कामी आल्या. बाकीच्या कितीही देखण्या असोत, त्यांवरून गणित होईना. अनेक कॅमेऱ्यांची घड्याळे चुकलेली होती, ती एकमेकांशी जुळवण्यात बरेच श्रम गेले.

मग कॅमेरा कोणता?

आमच्या स्नेह्यांना आम्ही सांगितले, की साक्षीदाराला विचारतो तेच प्रश्न कॅमेऱ्याला विचारा. तू कुठे होतास? तेव्हा किती वाजले होते? तुला नीट दिसत होते का?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी उपग्रहांकडून स्थान आणि वेळ घेणारा कॅमेरा बरा. तो नसेल तर निदान महिन्यातून एकदा घड्याळ तपासावे.

तिसऱ्या प्रश्नासाठी थोडे गणित करू. समजा, चित्र १९२० बिंदू रुंद आहे आणि कोन १४० अंशांचा आहे. दर अंशाला साधारण १४ बिंदू आले. आपल्याकडच्या मोटारीची नंबर प्लेट अर्धा मीटर रुंद असते. १० मीटरवरून ती जेमतेम ३ अंशांत मावते, म्हणजे ४० बिंदूंत. तिच्यावर दहा अक्षरे-अंक, म्हणजे एकेकाला चार बिंदू. ३ आणि ८ यांतला फरक चार बिंदूंत कसा दिसणार? कोन ९० अंश केला तर बिंदू दीडपट मिळतात, पण बाजूने घुसणारी मोटारसायकल निसटते. तेव्हा रुंद कोन हवा असेल तर बिंदूही त्या प्रमाणात वाढायला हवेत. दुकानदाराने सांगितले ते अर्धे सत्य होते.

रात्री आणखी एक अडचण येते. प्रकाश कमी म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. सेकंदाचा तिसावा भाग धरला तरी ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात ५६ सेंटिमीटर सरकते आणि नंबर पुसट होतो. म्हणून खरेदीपूर्वी रात्रीचे चित्रण मागून पाहावे.

उन्हात उभ्या गाडीची काच भट्टीसारखी तापते. आत लिथियम बॅटरीऐवजी मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर असलेला कॅमेरा अशा उष्णतेत अधिक टिकतो. स्मृतिपत्राचा हिशोबही करावा. सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर तासाला पावणेसात गिगाबाइट लागतात. ३२ गिगाबाइटचे कार्ड पावणेपाच तासांत भरते आणि मग जुने पुसले जाऊ लागते. अपघात झाल्यास ते कार्ड तसेच काढून जपून ठेवावे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून चाललेल्या खटल्यात व्हिडिओ चित्रणाचाच प्रश्न होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ साधन हजर केले नसेल तर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्रात फाइलचे 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. हे सबंध फाइलवर गणित करून काढलेले मूल्य असते. एक बिंदू बदलला तरी ते बदलते.

पुसण्याबद्दलही एक शब्द. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली डॅशकॅमचा पुरावा ग्राह्य धरला, पण सतत सरसकट चित्रण करून ठेवणे गैर मानले. रस्त्यावरून जाणाऱ्या इतरांनाही आपले खाजगी जीवन असते. त्यामुळे वॉरन यांनी अडचणीपोटी काढलेली पुसण्याची युक्ती आज सभ्यतेचा भाग ठरली आहे. ती बंद करू नये, आणि इतरांची चित्रणे गंमत म्हणून वाटत सुटू नये.

वर्गात करून पाहा

चेल्याबिन्स्कमध्ये प्रकाश आणि आवाज यांत समजा १४० सेकंदांचे अंतर होते. थंड हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर धरून स्फोटाचे अंतर मुलांना काढायला सांगा. मग मैदानात एक काठी उभी करून तिच्या सावलीवरून सूर्याचा उन्नतांश मोजायला लावा, मात्र प्रत्येक गटाने जागा आणि वेळ लिहून ठेवायला हवी. एखादा गट वेळ लिहायला विसरेलच. त्याच्या मापांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच मुलांना सोडवू द्या.