घरी काडतूस भरणं अमेरिकेत छंद, भारतात गुन्हा. मग आपले नेमबाज अचूकता आणतात कुठून?

गॅरेजमधलं टेबल, सोनाराकडे असतो तसा बारीक वजनकाटा आणि पितळी पुंगळीत दारू मोजून भरणारा माणूस. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. याला हँडलोडिंग म्हणतात. अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे अनेक जण विकतचं काडतूस वापरतच नाहीत, स्वतः भरतात.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि पुढे गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीबाहेर ढकलतो. दारू कमी-जास्त झाली की गोळीचा वेगही बदलतो.

थोडं गणित करू. 900 मीटरवर लक्ष्य आहे आणि गोळी सेकंदाला 800 मीटर वेगाने निघाली. हवेचा अडथळा सोडून दिला, तरी तिथे पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे 6.2 मीटर खाली येते. पुढची गोळी 790 च्या वेगाने निघाली, तर ती आणखी 16 सेंटीमीटर खाली लागते. खऱ्या हवेत फरक याहून जास्त. नेम तोच, हात तोच, तरी गोळी चुकते. म्हणून हे लोक दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. त्यांना जास्त ताकद नको असते, प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं असतं.

हाताने दारू भरण्याचं चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला मात्र फार नवल वाटणार नाही. तिकडे भरमार बंदूक जुनी आहे. नावातच सगळं आलं, भरा आणि मारा. तिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं. म्हणून हिला ठासणीची बंदूकही म्हणतात. शिकारीसाठी आणि शेतातली रानडुकरं हाकलायला ती गावोगाव होती. नक्षलवाद्यांच्या दलमकडेही ती असायची, त्यामुळे चकमकीनंतर जप्त शस्त्रांच्या यादीत एके-47 च्या खाली भरमार हमखास दिसते. गडचिरोलीच्या दुर्गम भागातल्या गावकऱ्यांनी भरमार पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्याही अनेकदा येतात.

अचूकतेच्या बाबतीत मात्र भरमार रीलमधल्या रायफलच्या अगदी दुसऱ्या टोकाला. दारू अंदाजाने, ठासणं मनगटाच्या जोरावर. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे छर्ऱ्यांना रायफलच्या गोळीसारखी फिरकी मिळत नाही. लांबचा नेम हे तिचं कामच नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1959 च्या शस्त्र कायद्यात एक मजेशीर शेजार आहे. कलम 13 मध्ये कोणाला कशासाठी परवाना मिळू शकतो ते सांगितलंय. तिथे पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट 22 रायफल, अशा दोघी एकाच पोटकलमात बसल्यात. म्हणजे भरमार असणं हाच गुन्हा नाही, परवाना नसणं हा गुन्हा आहे. अर्थात परवाना पीक राखण्यासाठी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

काडतूस बनवणं ही त्याहून वेगळी गोष्ट. कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. ‘माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स आहे’ एवढ्याने काम भागत नाही. ‘दारूगोळा’ या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान 7 वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. रील पाहून ऑनलाइन प्रेस शोधणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दारूगोळा बनवण्याचं काम कारखान्यांचं. चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला असा सरकारी कारखाना आहे, तोफांच्या मोठ्या दारूगोळ्यासाठी. रायफलींची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला बनतात.

मग कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे? 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं. या प्रकारात लक्ष्याचं ‘10’ चं वर्तुळ असतं फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं. इथे वापरतात ते पॉइंट 22 काडतूस, आणि ते पुन्हा भरताच येत नाही. त्यात वेगळी टोपी नसते, पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. एकदा उडालं की पुंगळी बाद.

त्यामुळे या खेळातले नेमबाज काडतूस भरत नाहीत, निवडतात. ब्रिटनची इली, फिनलंडची लापुआ अशा कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडली जातात आणि कोणत्या लॉटच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात ते पाहिलं जातं. कंपनी एक, यंत्र एक, डबा एकसारखा. तरी एका रायफलला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलला मानवेलच असं नाही. जुळला, की परवाना आणि खिसा परवानगी देईल तेवढी काडतुसं त्याच लॉटमधून उचलायची. तो लॉट संपला, की पुन्हा चाचणी.