चंद्रावर गेलेली वीण

वीज गेली तरी जिच्यातलं काही पुसलं जात नाही ती 'रॉम', म्हणजे फक्त वाचायची मेमरी. बटण दाबताच यंत्राला पहिल्या सूचना तीच देते. वॉशिंग मशिनमध्ये ती असते, रिमोटमध्येही असते. तिची एक पूर्वज मात्र चक्क सुईने विणलेली होती.

अपोलो यानांचा संगणक एमआयटीच्या प्रयोगशाळेने १९६०च्या दशकात रचला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला रेथिऑन कंपनीने बांधला. तिथे बायका चिमुकल्या चुंबकीय कड्यांमधून तार ओवत. तार कड्याच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. सुई कुठे घालायची ते पंच केलेल्या पट्टीवर चालणारं यंत्र दाखवी. ओवायचं ते हातानेच. एका कड्यावर अशा १९२ तारांचा हिशेब. एवढा खटाटोप करून संगणकाची सगळी कायम मेमरी भरली जेमतेम ७२ किलोबाइट! इंजिनीअर मंडळी तिला थट्टेने 'म्हाताऱ्यांची मेमरी' म्हणत. त्याच विणीच्या भरवशावर माणसं चंद्रावर उतरली, हे थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक असणारच. प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर तारा पुन्हा ओवायच्या, म्हणून उड्डाणाच्या कितीतरी आधी प्रोग्रॅम पक्का करावा लागे.

पुढे सिलिकॉनची चिप आली. कारखान्यातच मजकूर कोरलेल्या चिपचीही तीच गत: चूक राहिली तर चिप कचऱ्यात. वाट सापडली ती एका बिघाडातून. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन हे सदोष चिपा तपासत होते. तुटलेल्या जोडणीमुळे अधांतरी राहिलेल्या भागात विद्युतभार अडकून बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग मुद्दामच भार अडकवून त्यांनी १९७१ मध्ये 'ईप्रॉम' घडवली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश काही मिनिटं पाडला की अडकलेला भार सुटे आणि चिप कोरी होई. एरवी खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावून ठेवत, नाहीतर उन्हाने आतलं हळूहळू पुसलं जायचं.

१९८०च्या दशकात तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी पुढे आणली आणि खिडकीची गरजच संपली. आता विजेनेच पुसायचं, विजेनेच लिहायचं. तुमच्या मोबाइलमधल्या मूळ सूचना आज बहुतांशी फ्लॅशमध्ये असतात आणि अपडेटच्या वेळी त्यांतल्या बऱ्याचशा नव्याने लिहिल्या जातात. तेव्हा अपडेट चालू असताना फोन बंद करू नका. सूचना अर्धवट लिहिल्या गेल्या तर फोन कदाचित पुन्हा सुरूच होणार नाही.