आरेच्या म्हशी आणि त्यांचे डॉक्टर

आरे म्हटलं की हल्ली आपल्याला कारशेड, झाडं आणि बिबट्या आठवतात. म्हैस कुणालाच आठवत नाही. खरं तर ही कॉलनी वसली ती म्हशींसाठीच.

स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईतले तबेले भर वस्तीत होते. अंधारे गोठे, शेणाने तुंबलेली गटारं आणि दुधात पाणी. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ते उचलून गोरेगावला न्यायचं ठरवलं. १९४९ मध्ये कॉलनी उभी राहू लागली आणि ४ मार्च १९५१ ला नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. जागा जवळपास १,२८७ हेक्टर, सोय सुमारे १६ हजार जनावरांची. म्हशी मालकांच्या, गोठे सरकारचे. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून मिळाला. त्यातले कुरियन आपल्याला पाठ आहेत, खुरोडी नाहीत. असो.

गुरांच्या डॉक्टरांची मुंबईला वाण नव्हती. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. एका छपराखाली शेकडो म्हशी असल्या की घटसर्प किंवा लाळ्या-खुरकूत पसरायला वेळ लागत नाही, पण लस टोचायलाही तीच गर्दी सोयीची पडते. गल्लीबोळात तबेले शोधत फिरावं लागत नाही. बुळकांडीने एकेकाळी गावंच्या गावं रिकामी केली होती. देशात तिची शेवटची लागण १९९५ ची, आणि २०११ मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. याचं श्रेय गोठ्यागोठ्यात सुई घेऊन फिरलेल्या माणसांचं आहे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

मग अडलं कुठे? हिशोबात.

तबेलेवाला गुजरात-हरियाणातून ताजी व्यालेली म्हैस आणतो. आठ-दहा महिने दूध काढतो. पुढे ती आटते. गावाकडे भाकड म्हैस बांधावर चरते, पुन्हा गाभण राहते, कुणाला ओझं वाटत नाही. इथे पेंढी न् पेंढी विकतची आणि जागेला भाडं. त्यामुळे तिला पुन्हा गाभण करण्यापेक्षा कसायाला देऊन नवी आणणं स्वस्त पडायचं. म्हणजे चांगल्यातली चांगली दुधाळ म्हैस एका वेतात संपायची.

आता यात डॉक्टरने करायचं काय? म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, वरून कळत नाही. दर २१ दिवसांनी लक्ष ठेवावं लागतं, रेतनानंतर दोनेक महिन्यांनी हात घालून गाभण तपासावी लागते. कळप सुधारतो तो या कामाने. पण मालकाला पुढचं वेतच नको असेल, तर तो डॉक्टरला बोलावणार फक्त दगडी झाली, कास सुजली, दूध घटलं की.

पारडाचं तर विचारूच नका. त्याने प्यायलेलं दूध म्हणजे मालकाचं नुकसान, म्हणून ते जगायचं नाही. आणि पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. त्यावर आधी फुका होता, नंतर इंजेक्शन आलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याला बंदी आहे, जनावराला अपाय करणारं दूधवाढीचं इंजेक्शनही त्याच कलमात येतं. एवढा कायदा लागला तो एका पारडाच्या वाटच्या दुधावरून!

खुरोडींना हे दिसत नव्हतं असं नाही. भाकड जनावरं वाचवायचा विचार तेव्हाही झाला. पुढे मुंबईचे तबेले हलवायला दापचरीचा प्रकल्प उभा राहिला, कोर्टकचेऱ्या झाल्या. जोगेश्वरीतले तबेले मात्र अजून आहेत तिथेच आहेत.

तुमच्याकडे तबेल्यातलं दूध येत असेल तर दूधवाल्या भैयाला एकदा विचारून बघा, गोठ्यात पारडं किती आहेत. काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.