धुराला वाट हवी

तांब्याचा बंब आमच्या पिढीने पाहिला आहे. मधल्या नळीतून धूर सरळ वर गेला की पाणी लवकर तापते, नळी काजळीने बुजली की तोच धूर घरात कोंडतो, एवढे शास्त्र आम्ही बालपणीच शिकलो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने हाच धडा कसा गिरवला, हे पाहण्यासारखे आहे.

त्या शहरात बेंजामिन फ्रँकलिन हे मुद्रक होते. १७३५ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' या वृत्तपत्रात एका वृद्ध नागरिकाच्या नावाने पत्र छापले. निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसरीकडे नेऊ नयेत, झाकणाच्या भांड्यातून न्यावेत. जिन्याच्या फटीत पडलेली ठिणगी मध्यरात्रीपर्यंत दिसत नाही, असा त्यातील इशारा होता. धुराडी झाडणाऱ्यांना परवाना द्यावा आणि झाडल्यावर थोड्याच दिवसांत धुराडे पेटले तर दंड त्यांच्याकडून घ्यावा, असेही त्यांनी सुचविले. १७३६ च्या डिसेंबरात त्यांनी 'युनियन फायर कंपनी' हे आग विझविणाऱ्या नागरिकांचे मंडळ उभारले. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या सज्ज ठेवायच्या, असा नियम होता.

त्यानंतर आली त्यांची लोखंडी शेगडी. १७४४ साली त्यांनी तिची माहितीपुस्तिका काढली. राज्यपालांनी देऊ केलेले एकाधिकारपत्र त्यांनी नाकारले. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तेव्हा आपला शोधही विनामूल्य द्यावा, ही त्यांची भूमिका. मात्र शेगडीत एक दोष राहिला. धूर आधी खाली उतरून मग धुराड्यात जाई. वाटेत तो थंड पडे आणि ओढ मंदावे. पुढील कारागिरांना ही रचना बदलावी लागली.

लाकडाच्या शेगडीचे नियम आजही याच अनुभवावर उभे आहेत. सरपण फोडून पूर्ण वाळवावे. काडी लावण्यापूर्वी धुराड्याची झडप उघडावी. आधी ढलप्या पेटवाव्यात, जाळ धरल्यावरच जाड लाकूड घालावे. रात्रभर पुरावी म्हणून हवा बंद करून आग धुमसत ठेवू नये. अशा धुराने धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तो एके दिवशी पेट घेतो. शिवाय खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर ठेवावी. तिच्यात निखारे बराच काळ जिवंत राहतात.

१९८३ साली आपल्या देशातही सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लक्षावधी चुली बसल्या. पण अनेक घरांत धुराडी झाडली गेली नाहीत, चुली मोडल्या, आणि धूर पुन्हा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्याच डोळ्यांत आणि छातीत गेला. फ्रँकलिन यांनी शेगडी घडविण्याच्या कितीतरी आधी धुराडे झाडणाऱ्याचा विचार केला होता. हा क्रम आपण उलटा केला, असे आम्हाला वाटते.