कुंडीतून निघालेला स्लॅब

तर झालं असं, की बाबांच्या पंचाहत्तरीला काहीतरी हाताने केलेलं द्यायचं मी ठरवलं. सांगलीचं घर विकून ते आमच्याकडे पुण्याला आले तेव्हा दारचा सोनचाफा तिथेच राहिला. बोलले काहीच नाहीत, पण गॅलरीत उभे राहिले की उगाचच खाली कुणाच्या तरी बागेकडे बघत बसायचे. म्हटलं, कलमी चाफा आणू आणि त्याला सिमेंटची कुंडी आपणच करू. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला असले साक्षात्कार होतात अधूनमधून!

रंगाची वीस लिटरची बादली बाहेरून, एक छोटी बादली आतून, दोन्हींना तेलाचा हात. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. तळाला भोकासाठी पाइपचा तुकडा. दोन दिवसांनी बादल्या अलगद सुटल्या, कुंडी एकदम झकास दिसत होती. मग मी दोन्ही हातांनी काठाला धरून ती उचलली... आणि काठापासून तळापर्यंत सरळ एक तडा.

आवाजाने बाबा बाहेर आले. झालं, सरप्राइज संपलं! आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केलेला माणूस. तड्यावरून बोट फिरवून म्हणाले, "अरे, ह्यात जाळी कुठाय? सिमेंटला दाब सोसतो, ताण नाही सोसत." मग जरा थांबून, "आरसीसीची सुरुवातच कुंडीपासून झाली, माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. रात्री वाचायला बसलो.

माणसाचं नाव जोसेफ मोनिए, जन्म १८२३, फ्रान्समधला माळी. पॅरिसच्या त्युइलरी बागेत कामाला होता. तिथली संत्र्याची झाडं पॅरिसच्या थंडीत तगत नाहीत, म्हणून ती मोठमोठ्या कुंड्यांत लावायची आणि हिवाळ्यात आत न्यायची अशी पद्धत. पण लाकडी पेट्या कुजायच्या, भाजक्या मातीच्या कुंड्या फुटायच्या. नुसत्या सिमेंटच्या केल्या तर माझ्यासारखी गत. मोनिएने लोखंडी जाळी घेतली आणि तिच्यावर सिमेंट चढवलं. १६ जुलै १८६७ रोजी त्याला पेटंट मिळालं, ते बागेसाठी लोखंड आणि सिमेंटच्या 'हलवता येणाऱ्या' कुंड्यांचं. हलवता येणाऱ्या! तो शब्द वाचून मी गॅलरीतल्या तडा गेलेल्या कुंडीकडे बघितलं.

लोखंड आणि सिमेंट एकत्र आणणारा तो काही पहिला नव्हे. लांबो नावाच्या त्याच्याच देशबांधवाने १८४८ साली अशी होडी बांधली होती आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडलीही होती. पण मोनिए कुंडीवर थांबला नाही. पाइप, टाक्या, भिंतीचे पत्रे आणि १८७३ साली थेट पुलाचं पेटंट. १८७५ मध्ये शाझले इथे सुमारे १४ मीटरचा पूल उभाही राहिला.

हे जमतं कसं? काँक्रीटची ताण सोसायची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश. तो ताण पोलाद घेतं. उन्हात दोघंही जवळपास सारखीच प्रसरण पावतात, त्यामुळे एकमेकांना सोडत नाहीत. शिवाय सिमेंट अल्कधर्मी असल्याने आतलं पोलाद गंजत नाही. यातलं गणित मोनिएला येत नव्हतं. जर्मनीत वाइस नावाच्या इंजिनिअरने त्याचे हक्क घेतले आणि १८८७ मध्ये 'मोनिए पद्धती'वर पुस्तिका काढली. तिच्यात केनन या इंजिनिअरने केलेली आकडेमोड होती. सळई जाडीच्या मधोमध नको, जिथे ताण येतो त्या बाजूला हवी, हे आता गणिताने पटवता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, इकडे फ्रान्समध्ये मोनिएचं दिवाळं निघालं. १९०६ साली तो पॅरिसमध्ये वारला, तोवर त्याच्या कुंडीतून निघालेली कल्पना जगभर पसरली होती.

आपल्या धंद्यातही हे दिसतं. प्रश्न ज्याला रोज टोचतो तो काहीतरी जुगाड करतो, मग कुणीतरी त्याचं शास्त्र करतो आणि पैसा तिसराच कमावतो. असो.

पुढच्या रविवारी दुसरी कुंडी केली, ह्या वेळी दोघांनी मिळून. कोंबडी जाळी गोल वळवून बाबांनीच तारेने बांधली. मी म्हटलं, "बाबा, भेट तुमचीच आहे, तुम्ही बसा की." "गप बस, आणि जाळी बाहेर दिसता कामा नये," एवढंच उत्तर. मग आठवडाभर रोज ओलं पोतं गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं कामही त्यांनी स्वतःकडेच घेतलं. नंतर चुना उतरावा म्हणून पाणी भरून ठेवलं, दोनदा बदललं.

पंचविसेक किलोची कुंडी पंचाहत्तरीच्या सकाळी आम्ही दोघांनी काठाला धरून उचलली. तडा नाही. चाफा लावला. आमची गॅलरी सहाव्या मजल्यावर आहे. खालचा स्लॅबही त्या माळ्याचाच म्हणायचा.

बाबा आता बाहेर आले की आधी कुंडीत बोट घालून माती ओली आहे का ते बघतात. खालच्या बागेकडे नंतर.