शेरा आणि शिकवण

परिचारिकेच्या हातून वारंवार चुका होऊ लागल्या, तर तिच्यावरील अधिसेविकेने काय करावे? हा प्रश्न आजचा नव्हे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिका-शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली निघाली. तेथील अधिसेविका मिसेस वॉर्डरोपर प्रत्येक विद्यार्थिनीचा मासिक तक्ता ठेवीत. वक्तशीरपणा, विश्वासूपणा, टापटीप, मलमपट्टी अशा गुणांपुढे ‘उत्तम’पासून ‘शून्य’पर्यंत शेरे पडत. दोष ओळखण्याची याहून निर्दोष रीत ती कोणती, असे वाचकांस वाटेल. परंतु १८७२ च्या सुमारास नाइटिंगेलबाई स्वतः विद्यार्थिनींस भेटून विचारपूस करू लागल्या, तेव्हा निराळेच उघडकीस आले. ज्या डॉक्टरांनी शिकवावयाचे, त्यांनी पाठ देणेच जवळजवळ सोडले होते! शेरा मुलींच्या नावे, उणीव मात्र शाळेची. पुढे नवे शिक्षक आले, तेव्हा कोठे पाठ सुरळीत सुरू झाले.

आता आमच्या वऱ्हाडाकडे वळू. १९४६ च्या भोर समितीने हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले. इंग्लंडात हेच प्रमाण ३०० लोकांस एक असे होते. अशा टंचाईच्या वारशावर १९८९ साली यवतमाळास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुसदचे सुपुत्र वसंतराव नाईक यांचे नाव ते धारण करते. सरकारी रुग्णालयांस १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. त्यांत ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा सांगितल्या आहेत. पण शिक्षेचा अधिकार वरिष्ठांचा. कक्षाजवळ असणाऱ्यांच्या हाती मुख्यतः लेखणीच असते. त्या लेखणीने लिहिलेला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. मिसेस वॉर्डरोपर यांच्या तक्त्यास जे सुचले नाही, ते येथे कायद्याने सांगितले.

तेव्हा क्रम असा असावा. हे काम तिला कोणी शिकविले काय, आणि रात्रपाळीत भरलेला कक्ष तिच्या एकटीवर पडला होता काय, हे प्रथम पाहावे. मग चारचौघांत नव्हे, एकांतात बोलावे, करून दाखवावे, मुदत घालून पुन्हा तपासावे, आणि नंतरच लिहावे. एवढ्यावरही सुधारणा न झाल्यास मात्र दयेपोटी गप्प बसू नये. कारण त्या दयेचा भार शेजारच्या कष्टाळू परिचारिकेवर, आणि अखेर खाटेवरील रोग्यावर पडतो.