रात्रीच्या छायाचित्रणाचे पहिले धडे

नवा कॅमेरा हाती आला, की पहिल्याच रात्री अंगणातून चंद्र टिपण्याचा मोह अनेकांना होतो. पडद्यावर मात्र पांढरा, हललेला ठिपका तेवढा उमटतो. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि महागड्या भिंगाची चौकशी सुरू होते. वास्तविक या छायाचित्रणाला महाग साधनांपेक्षा स्थैर्य आणि वेळ यांची अधिक गरज असते. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी तर त्यासाठी लागणारा अंधारही वेशीबाहेर पडताच लाभतो.

प्रकाशाचे गणित

छायाचित्र किती उजळ येणार, हे तीन बाबींवर ठरते. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र. त्याचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. शटर किती वेळ उघडे राहते, ही दुसरी बाब. तर आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनक्षमता. आयएसओ फार वाढविल्यास चित्रात रवाळपणा येतो. म्हणून रात्री शटर कित्येक सेकंद उघडे ठेवणे श्रेयस्कर ठरते. एवढा वेळ हात स्थिर राहणे अशक्य असल्याने पहिली खरेदी ट्रायपॉडची असावी. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा.

सुरुवात गावातूनच

सूर्यास्तानंतरचा पाऊण तास सरावासाठी उत्तम. आकाशात गडद निळाई उरलेली असते आणि रस्त्यावरचे दिवेही लागलेले असतात. चौकाच्या कडेला सुरक्षित जागी ट्रायपॉड उभारून आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवावे आणि तेच दृश्य २, ४, ८ व १६ सेकंदांनी टिपावे. दर वेळी प्रकाश दुप्पट होतो आणि जाणाऱ्या वाहनांच्या दिव्यांच्या लांब रेघा उमटतात. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा फसवा उजळ भासतो. त्यामुळे हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावावी.

चंद्राचे गणित मात्र उलटे आहे. त्यावर सूर्याचेच ऊन पडलेले असते. म्हणून पौर्णिमेच्या चंद्रासाठी एफ ११, आयएसओ १०० आणि १/१०० सेकंद एवढे पुरते.

तारे टिपताना

ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. आकाश तासाला १५ अंश फिरताना दिसते. त्यामुळे शटर फार वेळ उघडे राहिल्यास तारे ठिपक्याऐवजी रेघ होतात. ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले, की सुरक्षित सेकंद मिळतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात १८ मिलिमीटरचे भिंग सुमारे २७ धरावे. उत्तर १८ सेकंद येते. प्रत्यक्षात १५ सेकंदच ठेवावेत. स्वयंचलित फोकस येथे निरुपयोगी असतो. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस जुळवावा.

दिग्रस सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा तेथे उत्तर क्षितिजापासून तितक्याच उंचीवर, म्हणजे हात लांब केल्यावर दोन मुठींवर दिसतो. त्याभोवतीची वर्तुळे टिपण्यासाठी ३० सेकंदांची १२० छायाचित्रे लागोपाठ घेऊन संगणकावर जोडावीत. ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच नैऋत्येला आकाशगंगेचा तेजस्वी भाग दिसतो. हिवाळ्यात मृग नक्षत्र नवशिक्याला सहज सापडते.

दक्षता

एकट्याने जाऊ नये. जागा उजेडीच पाहून ठेवावी. शिवारातील कठडा नसलेल्या विहिरी आणि साप यांचे भान राखावे. शेतमालकाला आधी विचारावे. टिपेश्वर अभयारण्यासारख्या वनक्षेत्रात किंवा अरुणावती धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय रात्री जाऊ नये.

विदर्भातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांमधील दिव्यांचा झोत जमिनीकडे वळविण्यात आला. अन्यत्र मात्र गावांचा उजेड दरवर्षी शिवाराकडे सरकतो आहे. दर हिवाळ्यात एकाच जागेवरून, त्याच सेटिंगवर मृग नक्षत्र टिपत गेल्यास हा बदल नेमका नोंदविता येईल. नवशिक्याच्या सरावाला त्यामुळे आपोआप दस्तऐवजाचे मोल येईल.